ढाळज आणि मोटारखाना

छत्रपती संभाजीनगराहून पैठणकडे जाणाऱ्या सडकेनें चौदा-पंधरा किलोमीटर गेलें म्हणजे चितेगांव लागतें. पैठण तालुक्यांतील हें एके काळचें साधें शेतकरी गांव. विसाव्या शतकाच्या अखेरीस सडकेच्या कडेला व्हिडिओकॉनसारखे मोठे कारखाने उभे राहिले आणि गांवाचें रूप पालटलें. शेतांच्या जागीं वसाहती आल्या, दुकानें आलीं, बंगले आले. आज अशा ठिकाणीं नवें घर बांधणारा गृहस्थ आराखड्यांत एक खोली हटकून मागतो, ती मोटारीची. ही खोली घराला चिकटून असते. तिच्यांतून घरांत जावयास एक लहान दार असतें, आणि सडकेच्या अंगाला लोखंडी पत्र्याचें गुंडाळतें दार, म्हणजे शटर, असतें. मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर चढला, कीं तिसऱ्या प्रहरीं त्या पत्र्याला हात लावून पाहावा. चुलीवरच्या तव्याची आठवण होते. पत्र्यामागची खोली भट्टीसारखी तापते, आणि तिच्या भिंतीला लागून वृद्ध आईबापांची निजण्याची खोली असली, तर त्यांची रात्र तळमळण्यांत जाते.

या खोलीच्या भिंती व छत उन्हापासून कसें राखावें आणि तिला दार कोणतें लावावें, हा प्रश्न वरवर पाहतां गवंड्याचा व सुताराचा आहे. परंतु तो इतिहासाचाही आहे. ऊन, धूळ, चोर आणि वाहन या चौघांना घराच्या कोणत्या पायरीवर थांबवावयाचें, याचा विचार मराठवाड्याच्या घरांनीं पिढ्यान् पिढ्या केलेला आहे. तो विचार काय होता, त्याची कोणती चूक जिवावर बेतली, आणि त्यांतलें घेण्यासारखें काय उरलें, हें पाहिल्यावांचून मोटारखान्याचा निर्णय करणें शहाणपणाचें नव्हे.

मराठवाड्याचें जुनें घर म्हणजे माळवदाचें घर. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर आडवीं लाकडें, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाल्याचा थर, आणि सर्वांच्या वर पांढऱ्या मातीचा जाड लेप, अशी या छताची रचना. भिंती दगडमातीच्या, दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद. अशा घरांत दुपारीं बाहेरून आलेल्या माणसाला प्रथम कांहीं दिसत नसे, परंतु त्याच्या अंगाची लाही तेथेंच थांबे. छतांतील साण्यांतून उजेडाची एक तिरीप आंत पडे, आणि त्याच वाटेनें चुलीचा धूर व कोंडलेली उष्ण हवा बाहेर जाई.

या गारव्याचें कारण सोपें आहे. जाड मातींतून उष्णता अगदीं सावकाश चालते. दुपारीं बारा वाजतां माळवदावर पडलेलें ऊन आंत उतरावयास संध्याकाळ होई. आणि तोंवर बाहेरची हवा निवलेली असे. मग घरचीं माणसें अंथरुणें घेऊन त्याच माळवदावर झोपावयास जात. म्हणजे दिवसा छताखालीं आणि रात्रीं छतावर, असा हा संसार होता. उन्हाला पूर्ण अडविणें कोणालाच साधलें नव्हतें; त्याला उशीर लावणें मात्र साधलें होतें.

संभाजीनगरांतच याच विद्येचा दुसरा नमुना आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशीं प्रसिद्ध पाणचक्की आहे. तेथील मोठ्या हौदाचा तळ हाच खालच्या प्रशस्त दालनाचा माथा आहे. डोक्यावर पाण्याचा असा थर असल्यावर सूर्याची मात्रा काय चालणार? माळवदावर माती आणि दालनावर पाणी. साधनें निराळीं, तत्त्व एकच. ऊन आणि माणूस यांच्यामध्यें अशी एखादी वस्तु घालावी, कीं जी लवकर तापत नाहीं.

आतां दाराकडे वळूं. वाड्याच्या दर्शनी दरवाजांतून आंत पाऊल टाकलें, कीं माणूस एकदम घरांत येत नसे. प्रथम ढाळज लागे. ढाळज म्हणजे दरवाजाला लागून असलेली आच्छादित जागा. दोन्ही बाजूंना बसावयास ओटे, आणि पुढें चौक. आला-गेला येथें बसे, पहारेकरी येथें निजे, वाटसरू येथें पाणी पिऊन पुढें जाई. रस्त्याची धूळ, उन्हाची झळ आणि परक्याची नजर हीं तिन्ही ढाळजेंतच थबकत. ढाळज स्वतः फारशी थंड नसे, आणि ती तशी असावी अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. तिचें काम आंतल्या घराला थंड, स्वच्छ आणि निर्धास्त ठेवण्याचें होतें.

ढाळजेचा दरवाजाही विचार करून घडविलेला असे. दोन जाड लाकडी फळ्या, त्यांवर लोखंडी पट्ट्या व फुल्या, आंतून भिंतींत सरकणारा अडसर, पायाशीं उंच उंबरा. एका फळींत दिंडी, म्हणजे माणूस वाकून जाईल एवढें लहान दार. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तीच्या धडकेसाठीं अणकुचीदार खिळे आहेत, आणि त्याच दरवाजांत रोजच्या वहिवाटीसाठीं दिंडीही आहे. १७३२ सालीं वास्तुशांत झालेल्या त्या वाड्यापासून खेड्यांतल्या पाटलाच्या वाड्यापर्यंत ही युक्ति एकच होती. गाडी, घोडा किंवा वरात आली तरच मोठा दरवाजा उघडावयाचा. एरवीं दिंडीनें भागवावयाचें. यांत सुरक्षितता होतीच. पण मोठें भगदाड वारंवार न उघडल्यामुळें झळ व धूळही कमी येई. उंबरा म्हणजे नुसती पूजेची जागा नव्हे. दाराखालची फट तो बुजवीत असे, आणि सरपटणारे प्राणी व पावसाचें पाणी अडवीत असे.

दाराला लोखंड किती वापरावें, याचा धडा मात्र देवगिरीच्या किल्ल्यावर मिळतो. तेथील दरवाजांना हत्तींसाठीं खिळे आहेत. परंतु खरा चमत्कार वरच्या अंधारी वाटेचा. खडकांत कोरलेल्या त्या भुयाराच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण असे. वेढा पडला म्हणजे त्यावर विस्तव पेटवीत, आणि विस्तवाला वारा मिळावा म्हणून खडकांत भोंक ठेवलेलें होतें. लोखंड लाल झालें, कीं ती वाट शत्रूला बंद. किल्लेदारांना लोखंडाचा हा गुण पक्का ठाऊक होता, कीं एका बाजूची आंच तें दुसऱ्या बाजूला तत्काळ पोंचवितें. शत्रूसाठीं योजलेली ती युक्ति आज आपण आपल्याच घराच्या तोंडाशीं, कांहीं विचार न करतां, पत्र्याच्या शटराच्या रूपानें उभी करतों. फरक एवढाच, कीं येथें विस्तव पेटविण्याचें काम सूर्य करतो.

वाहनाची जागा पूर्वीं घरापासून दूर असे. बैलगाडी अंगणांत किंवा वाड्याबाहेर सुटे, घोडीं पागेंत बांधलीं जात, श्रीमंतांच्या गाड्या गाडीखान्यांत राहत. शेणमुताचा वास, माश्या आणि वैरणीला आग लागण्याची धास्ती हीं त्याचीं कारणें. १८९८ च्या सुमारास मुंबईंत मोटारी आल्या तेव्हां त्यांनाही प्रथम गाडीखान्याचाच आश्रय मिळाला. पेट्रोल हें वैरणीहून अधिक भडकणारें. म्हणून मोटार घरापासून लांब ठेवण्याची रीत चालू राहिली. ग्यारेज हा शब्द मुळांत फ्रेंच आहे आणि त्याच्या मागें आश्रयाला नेऊन ठेवणें हा अर्थ आहे. परंतु आश्रय मोटारीला द्यावयाचा कीं मोटारीपासून घराला, हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनच होता.

मोटारखाना घराला येऊन चिकटला तो मुख्यतः अमेरिकेंत, पहिल्या महायुद्धानंतरच्या काळांत. तिकडे हिवाळ्यांत बर्फ पडतें. बर्फ तुडवीत गाडीपर्यंत जाण्यापेक्षां घरांतूनच गाडींत बसणें सोयीचें. दाराचाही प्रश्न बर्फामुळेंच बिकट झाला, कारण बाहेर उघडणारीं दारें साचलेल्या बर्फांत अडकत. १९२१ सालीं डेट्रॉइटमध्यें सी. जी. जॉन्सन यांनीं वर उचललें जाणारें दार काढलें, आणि १९२६ सालीं तें विजेवर चालविण्याची सोय केली. अशा घरांत भिंतीला व दाराला जो उष्णतारोधक थर देतात, तो आंतली ऊब बाहेर जाऊं नये म्हणून. आपल्याकडे गरज नेमकी उलटी आहे. बाहेरची आंच आंत येऊं नये ही आपली विवंचना. तिकडचा आराखडा जसाच्या तसा उचलला, परंतु थर मात्र खर्च वाचविण्यासाठीं गाळला, अशी गोष्ट अनेक ठिकाणीं झाली आहे.

संभाजीनगराच्या परिसरांत ही हौस वाढावयास कारणेंही घडलीं. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि हा प्रदेश वाहनें बनविणारा म्हणून गाजूं लागला. २०१० च्या ऑक्टोबरांत तर शहरांतील व्यापारी, वैद्य व उद्योजक मंडळींनीं एकत्र येऊन, सुमारे पासष्ट कोटी रुपये मोजून, एकाच वेळीं १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. त्या बातमीनें देशभर कौतुक झालें. एवढी किमती गाडी सडकेवर कोण उभी ठेवणार? घराच्या कुशींत तिला जागा हवी, ही इच्छा स्वाभाविकच म्हणावयाची.

पण तोंवर जुनी घरें आणि त्यांतली विद्या यांच्यावर एक मोठा आघात होऊन गेला होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. गणेशविसर्जन उरकून गांवें नुकतींच निजलीं होतीं. किल्लारी व आसपासच्या गांवांत सुमारे आठ हजार माणसें दगावलीं. भूकंपाचा जोर जगांतल्या मोठ्या भूकंपांच्या मानानें फार नव्हता. माणसें मेलीं तीं मुख्यतः आपल्याच भिंतींखालीं आणि माळवदांखालीं. दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं माळवदाला नवी माती घालण्याची चाल होती, आणि जुनी सहसा कोणी काढीत नसे. त्यामुळें पिढ्यान् पिढ्या थर वाढत जाऊन छत एक-दोन फूट जाड झालेलें होतें.

या ओझ्याचा हिशेब शाळेंतल्या मुलालाही करतां येईल. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती म्हणजे दीडशे घनफूट. एका घनफुटाचें वजन पंचेचाळीस किलो धरलें, तर निजलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर जवळजवळ पावणेसात टन माती असते. चिखलांत रचलेले ओबडधोबड दगड धक्क्यानें सुटले, कीं हें सारें ओझें खालीं. जेथें खांब व तुळया यांचा सांगाडा भक्कम व सांधे घट्ट होते, तेथें भिंती ढासळूनही छत तोलून राहिल्याचीं उदाहरणें आढळलीं. दोष लाकडाचा नव्हता, ओझ्याचा आणि सुट्या दगडांचा होता.

त्यानंतर बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. मराठवाड्यांत माळवदाची भीति बसली आणि सिमेंटचा स्लॅब व पत्रा यांचा वापर झपाट्यानें वाढला. ही भीति योग्यच होती. परंतु घाईंत एक गोष्ट नजरेआड झाली. ओझें टाकतांना आपण जाडीबरोबर गारवाही टाकून दिला. पांच इंचांचा उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर तें खालीं ओकतो. घरांतल्या खोल्यांत पंखे व थंड हवेचीं यंत्रें लावून तो त्रास झांकतां येतो. मोटारखान्यांत तो उघडा पडतो.

तेव्हां प्रश्न असा, कीं ओझें न वाढवितां माळवदाचा गुण परत कसा आणावा. याचें उत्तर स्थिर हवेंत आहे. १८३४ सालीं अमेरिकेहून मुंबईला गलबतांतून बर्फ आलें, तें लाकडाच्या भुशांत भरून. महिनोन् महिने समुद्रावर राहूनही तें पुष्कळसें टिकलें, कारण भुशाच्या कणांमध्यें अडकलेली हवा उष्णतेला वाट देत नाहीं. १८९२ सालीं जेम्स ड्यूअर यांनीं दुहेरी भिंतींमधली हवाही काढून घेतली आणि थर्मासचा जन्म झाला. १९३७ सालीं जर्मनींत ऑटो बायर यांनीं पॉलियुरेथेन शोधलें. त्याचाच फेस पुढें शीतकपाटांच्या भिंतींत भरला जाऊं लागला. चितेगांवचें नांव ज्या व्हिडिओकॉननें देशाला ऐकविलें, तिच्या मालांत शीतकपाटेंही होतीं. २०१८ सालीं त्या कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, परंतु घरोघरच्या शीतकपाटाचा धडा कायम आहे. दीड-दोन इंचांची हलकी भिंत आणि कडेला रबरी पट्टी असलेलें दार, एवढ्यावर आंतली थंडी टिकते.

थर्मोकोल हें मूळचें व्यापारी नांव; तो पदार्थ म्हणजे बहुतांशीं कोंडलेली हवाच. मघांच्या दहा फुटी खोलीवर दोन इंच थर्मोकोल घातला, तर त्याचें वजन दहा किलोंच्या आंतबाहेर भरतें, आणि उष्णतेला तो दीड फूट मातीहून अधिक अडथळा करतो. मातीचा उशीर लावण्याचा गुण मात्र त्यांत नाहीं; तो भिंतीच्या विटांकडून घ्यावा. म्हणून थर नेहमीं उन्हाच्या बाजूला द्यावा. स्लॅबच्या वर थर, त्यावर संरक्षक गिलावा किंवा फरशी, आणि शेवटीं चुन्याची पांढरी सफेती, हा क्रम उत्तम. पश्चिमेची भिंत दुहेरी बांधून मध्यें पोकळी ठेवली तरी पुष्कळ साधतें. थर्मोकोल व फेस हे पदार्थ पेट घेणारे आहेत. मोटारखान्यांत ते कधींही उघडे ठेवूं नयेत, गिलाव्यानें झांकावे.

दाराची निवड यानंतर. सागवानी दुहेरी फळ्यांचें दार उन्हाला चांगलें अडवितें, कारण लाकडाच्या मानानें पोलादांतून उष्णता सुमारें तीनशे पट वेगानें जाते. परंतु तें उघडावयास पुढें मोकळी जागा लागते, पावसाळ्यांत तें फुगतें, आणि वाळवीवर लक्ष ठेवावें लागतें. पत्र्याचें शटर स्वस्त, मजबूत व जागा न खाणारें. पण उन्हाला तें अडवीत नाहीं, आणि त्याच्या पट्ट्यांच्या फटींतून धूळ येते. दोन पत्र्यांमध्यें फेस भरलेल्या आडव्या फळ्यांचें, रुळांवरून वर जाणारें दार महाग असतें. मात्र शीतकपाटाचा गुण त्यांत येतो. पश्चिमेला तोंड असलेल्या मोटारखान्याला दार कोणतेंही असो, त्यावर दोन-तीन फुटांचें छज्जें हवें; पत्र्यावर ऊन पडूंच न देणें हा सर्वांत स्वस्त उपाय. आणि दार कोणतेंही असो, त्यांत किंवा त्याच्या शेजारीं दिंडी असावी. एका माणसाच्या येण्याजाण्यासाठीं सबंध तोंड उघडूं नये.

पण या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट ढाळज शिकविते. मोटारखान्यांत माणूस निजत नाहीं. मग त्यालाच शीतकपाट करण्याचा अट्टाहास कशासाठीं? खर्च थोडा असेल, तर उष्णतारोधक थर प्रथम घर आणि मोटारखाना यांच्या सामाईक भिंतीला द्यावा, आणि वर निजण्याची खोली असल्यास मधल्या छताला द्यावा. मोटारखाना हा बाहेरच्या बाजूनें श्वास घेणारा आणि आंतल्या बाजूनें बंद असावा. मोटारीच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायु असतो. दार लावून यंत्र चालूं ठेवल्यानें माणसें नकळत मरतात. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती जमिनीलगत साचते. म्हणून बाहेरच्या भिंतींत जमिनीशीं आणि छताशीं जाळीचे झरोके ठेवावे. खालचा झरोका वाफेसाठीं, वरचा साण्याप्रमाणें उष्ण हवेसाठीं. मोटारखान्याची जमीन घराच्या जमिनीहून एक पायरी खालीं असावी. घरांत जाणारें दार भरीव, आपोआप मिटणारें, कडांना रबरी पट्टी असलेलें, आणि उंबऱ्याचें असावें. तें दार निजण्याच्या खोलींत कधींही उघडूं नये. पुढें कोणी त्या खोलींत दुकान किंवा अभ्यासिका करूं म्हणेल, तर बाहेरच्या दारालाही थर द्यावा. परंतु मग तेथें मोटार ठेवूं नये. एकाच खोलीला ढाळज आणि माजघर दोन्ही करतां येत नाहीं.

माळवद गेलें, तें परत यावयाचें नाहीं, आणि किल्लारीनंतर तें यावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्या माणसांनीं माळवद घातलें, त्यांनींच त्या माळवदाखालीं ढाळजही बांधली होती. माती मारक ठरली. ढाळजेचा विचार कोणाच्या अंगावर पडला नाहीं. बाहेरचें जें कांहीं येईल त्याला दारांत बसवावें, निवूं द्यावें, आणि मगच माजघराची वाट दाखवावी, ही जुन्या घराची रीत पाहुण्याला होती तशीच उन्हालाही होती. मोटार ही अलीकडची पाहुणी. तिलाही ढाळजेंतच बसवावें.